हेडलाइटच्या काचेआडचं दव

दसऱ्याच्या मुहूर्तावर नवी गाडी घरी येते आणि कोजागिरी उलटते न उलटते तोच एखाद्या सकाळी तिच्या हेडलाइटच्या काचेवर धुकं दिसतं. बोट फिरवून पाहावं तर बाहेरून काच कोरडी. कापडाने पुसलं तरी डाग हलत नाही, कारण तो आतल्या बाजूला आहे. मालक शोरूम गाठतो. तिथला सर्व्हिस ॲडव्हायझर एक नजर टाकून म्हणतो, "नॉर्मल आहे साहेब, सगळ्याच गाड्यांना येतं." मालकाला वाटतं, खराब माल गळ्यात मारून वर आपल्यालाच गप्प बसवतायत. या वादात कधी ॲडव्हायझरचं खरं असतं, कधी मालकाचं. आपल्या गाडीच्या बाबतीत कोणाचं खरं, हे घरच्या घरी ठरवता येतं आणि त्याला कुठलंही यंत्र लागत नाही. मात्र हा दिवा आतून कसा बांधलेला असतो आणि तसाच का बांधावा लागतो, हे आधी समजून घ्यावं लागतं.

हेडलाइट म्हणजे हवाबंद डबा, असा बहुतेकांचा समज असतो. पाऊस आत जात नाही, धूळ जात नाही, मग हवाही जात नसणार. प्रत्यक्षात आजच्या जवळजवळ प्रत्येक गाडीच्या हेडलाइटला मागच्या बाजूने छिद्रं ठेवलेली असतात आणि ती मुद्दाम ठेवलेली असतात. समोरचा पारदर्शक भाग, ज्याला आपण सवयीने काच म्हणतो, तो पॉलिकार्बोनेट नावाच्या प्लॅस्टिकचा. मागचं खोकं बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीनचं. दोन्हींच्या कडा एकमेकींत बसवून मधल्या खाचेत चिकट सीलंटची अखंड धार सोडलेली असते. बल्ब बदलण्यासाठी मागे रबराची किंवा प्लॅस्टिकची डस्ट कॅप, वायर आत नेणारा सॉकेट, आणि कुठेतरी कोपऱ्यात ही छिद्रं. कधी त्यांवर खाली वळवलेली रबरी नळी असते, कधी नाण्याएवढ्या आकाराचा पांढरा पडदा. मेकॅनिक त्याला ब्रीदर म्हणतात, कंपनीच्या कागदपत्रांत तो व्हेंट असतो.

ही छिद्रं बंद केली तर काय होईल, हे एका छोट्या हिशेबातून कळतं. आपल्याकडच्या गाड्यांत वर्षानुवर्षं वापरला गेलेला हॅलोजन बल्ब म्हणजे एच-४. लो बीमला ५५ वॅट, हाय बीमला ६० वॅट. यातली बहुतांश ऊर्जा प्रकाश होत नाही, उष्णताच होते. दिव्यातल्या हवेचं तापमान २७ अंश सेल्सिअसवरून ५७ वर गेलं असं धरू. बल्बच्या जवळपास ते याहून कितीतरी जास्त असतं. एवढ्या फरकाने हवा १० टक्के फुगते. फुगलेली हवा कुठूनतरी वाट काढून बाहेर पडली आणि मग दिवा विझून पुन्हा २७ अंशांवर आला, तर आतला दाब बाहेरच्यापेक्षा ९ टक्क्यांनी कमी होतो. ९ टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण जवळजवळ ९० सेंटिमीटर उंच पाण्याचा स्तंभ उचलून धरायला एवढी ओढ पुरते. दिवा लागला आणि विझला की प्रत्येक वेळी ही ओढ सीलंटच्या धारेवर, डस्ट कॅपच्या रबरावर, वायरच्या भोवतालच्या ग्रोमेटवर पडणार. पावसाळ्यात तासभर दिवे लावून तापलेली गाडी मुंबईतल्या हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या साचलेल्या पाण्यात शिरली की दिवा क्षणात गार पडतो, आणि नेमक्या त्याच वेळी सांध्यांबाहेर पाणी उभं असतं. व्हेंट नसेल तर दिवा ते पाणी आत ओढून घेईल. व्हेंट असल्यामुळे दाब तत्काळ सारखा होतो आणि सांध्यांवर भार येत नाही. थोडक्यात, पाण्याला बाहेर ठेवण्यासाठी हवेला आत यायची मुभा द्यावी लागते. हवा आली की तिच्याबरोबर बाष्पही येणारच.

खरोखर हवाबंद असलेले हेडलाइट जगात पूर्वी होते, आणि ते का गेले ही गोष्ट सांगण्यासारखी आहे. सुरुवातीच्या मोटारींना कार्बाइडचे दिवे असत. त्यांतल्या ॲसिटिलीनच्या ज्योतीला हवा लागायची, तेव्हा ते बंद करण्याचा प्रश्नच नव्हता. विजेचे दिवे आले तरी बल्बमागचा परावर्तक चांदीचा मुलामा दिलेल्या पितळेचा असे. आत शिरणाऱ्या दमट हवेने चांदी काळवंडत जाई आणि दिवा वर्षागणिक मंद होत जाई. अमेरिकेत यावर जालीम उपाय निघाला: १९४० च्या मॉडेलांपासून सीलबंद दिवे, म्हणजे सील्ड बीम. सात इंच व्यासाचा गोल दिवा, पुढची काच आणि मागचा काचेचाच परावर्तक वितळवून एकजीव केलेले आणि तंतू थेट त्याच्या आत. म्हणजे अख्खा हेडलाइटच एक मोठा बल्ब. ओलाव्याच्या दृष्टीने याहून चांगली रचना आजवर झालेली नाही. काचेतून बाष्प झिरपत नाही, आणि काचेला काच जोडलेला सांधा फुटल्याशिवाय उघडत नाही.

पण त्याची किंमत होती आकाराची. तंतू तुटला की सगळा दिवा फेकायचा, आणि सगळ्या गाड्यांना तोंडावर तेच ठरावीक दिवे. पुढे छोटे गोल आणि १९७० च्या दशकात चौकोनी सील्ड बीम आले, तरी मापं सरकारनेच ठरवून दिलेली. गाडीचं नाक उतरतं आणि निमुळतं केलं तर हवेचा रोध कमी होतो, इंधन वाचतं. पण सपाट तोंडाच्या दिव्याला अशा नाकात जागा नसते. शेवटी फोर्ड कंपनीच्या मागणीवरून १९८३ मध्ये अमेरिकेने बदलता येणाऱ्या बल्बचे हेडलाइट मान्य केले आणि १९८४ ची लिंकन मार्क सेव्हन तसे दिवे घेऊन आली. युरोपात बदलत्या बल्बची पद्धत आधीपासूनच होती. त्यानंतर जगभर काच गेली आणि पॉलिकार्बोनेट आलं. वजनाला हलकं, दगड लागला तरी सहज न फुटणारं, हव्या त्या वळणाने घडवता येणारं. ॲम्बेसेडर आणि पद्मिनीच्या गोल दिव्यांच्या जागी बोनेटवर लांबवर चढत जाणारे, तिरके, डोळ्यांसारखे हेडलाइट आपल्याकडे दिसू लागले ते याच वाटेने.

याच काळात आणखी एक बदल झाला, ज्याकडे फारसं कोणाचं लक्ष गेलं नाही. जुन्या हेडलाइटच्या काचेवर उभ्या-आडव्या खाचा असत. प्रकाश कुठे पसरायचा आणि कुठे नाही, हे त्या खाचा ठरवत. पुढे संगणकाच्या मदतीने परावर्तकालाच हवा तो आकार देता येऊ लागला आणि काचेचं ते काम उरलं नाही. ती नितळ झाली. खाचांच्या काचेवर आतून आलेलं पातळ धुकं दिसतही नसे. आज तेच धुकं दहा पावलांवरून दिसतं, कारण नितळ काचेआडचा चकाकता परावर्तक शोभेचाही भाग झालेला आहे. नवीन गाड्यांबद्दलच्या या तक्रारींतला मोठा वाटा या नितळपणाचा आहे, असं माझं मत आहे.

आता दवाकडे येऊ. फ्रिजमधून काढलेल्या तांब्यावर पाणी सुटतं ते तांब्यातून झिरपलेलं नसतं, भोवतालच्या हवेतलं असतं, हे शाळेत शिकलेलं सगळ्यांना आठवतं. हवा जितकी उबदार तितकं जास्त बाष्प तिच्यात मावतं. ३० अंशांच्या एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅम, २० अंशांना १७ ग्रॅम, १० अंशांना साडेनऊ ग्रॅमच्या आसपास. हवा गार होत होत एका तापमानाला पोहोचली की तिच्यातलं बाष्प मावेनासं होतं आणि पाणी सुटतं. त्या तापमानाला दवबिंदू म्हणतात. संध्याकाळी तापमान ३० अंश आणि सापेक्ष आर्द्रता ८० टक्के असेल, आणि पावसाळ्यात किनारपट्टीवर ही काही विशेष गोष्ट नाही, तर दवबिंदू २६ अंशांच्या आसपास येतो. म्हणजे हेडलाइटची काच नुसती चार अंशांनी गार झाली की आतून धुकं धरणार.

पण उभ्या गाडीची काच हवेपेक्षा जास्त गार का व्हावी? याचं उत्तर दोनशे वर्षांपूर्वी विल्यम चार्ल्स वेल्स या लंडनच्या डॉक्टरांनी शोधलं. रात्री बागेत त्यांनी सारख्या वजनाचे लोकरीचे पुंजके ठेवले. काही उघड्या आकाशाखाली, काही फळीच्या आडोशाला. सकाळी वजन केलं तेव्हा उघड्यावरच्या पुंजक्यांत कितीतरी जास्त दव भरलेलं होतं. १८१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दवावरच्या निबंधात त्यांनी कारण सांगितलं: निरभ्र रात्री जमिनीवरच्या वस्तू आपली उष्णता आकाशाकडे उत्सर्जित करतात आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतात. दव पडतं म्हणून वस्तू गार होत नाही, वस्तू आधी गार होते म्हणून तिच्यावर दव पडतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या रात्रींना हे सगळं जुळून येतं. पावसाळ्याची ओल हवेत अजून शिल्लक असते, ढग गेलेले असतात, दिवसा ऊन कडक असतं आणि पहाटे गारवा. आजच्या हेडलाइटची काच मागे झुकलेली, म्हणजे अर्धी आकाशाकडेच तोंड करून असते. म्हणूनच छपराखाली उभ्या राहणाऱ्या गाडीला धुकं क्वचित येतं आणि सोसायटीच्या उघड्या पार्किंगमधल्या, त्याच मॉडेलच्या गाडीला रोज पहाटे येतं. डाव्या दिव्याला आलं आणि उजव्याला नाही, एवढ्यावरून एकाच दिव्यात दोष आहे असंही लगेच ठरवू नये. उजवी बाजू भिंतीला लागून असेल तर तिला आकाश कमी दिसतं आणि ती कमी गार होते. गाडी दोन-तीन रात्री उलट्या दिशेने उभी करून पाहावी. धुक्यानेही बाजू बदलली तर दिवा निर्दोष आहे.

आता खरा उपयोगाचा हिशेब करू. दिव्याच्या आत पाच लिटर हवा आहे असं धरा. ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला तिच्यात बाष्प असतं ०.१२ ग्रॅम. पहाटे ती २० अंशांपर्यंत उतरली तर त्यातलं ०.०३५ ग्रॅमच्या आसपास पाणी सुटतं. पाण्याचा एक साधा थेंब ०.०५ ग्रॅमचा असतो. म्हणजे सकाळी काचेवर जे पसरलेलं धुकं पाहून जीव खालीवर होतो, ते सगळं मिळून एक पूर्ण थेंबही नसतं. पोस्टकार्डाएवढ्या भागावर ते पसरलं तर थराची सरासरी जाडी अडीच-तीन मायक्रॉन. ते एवढं ठळक दिसण्याचं कारण असं, की पाणी सलग पसरलेलं नसतं. असंख्य सूक्ष्म थेंबांत वाटलेलं असतं आणि प्रत्येक थेंब प्रकाश विखुरतो. काही कंपन्या काचेला आतून पाणी ओढून धरणारा लेप देतात. त्यावर थेंब न होता पाणी सपाट पसरतं आणि तेवढंच पाणी असूनही काच स्वच्छ दिसते.

याच हिशेबाची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची आहे. तुमच्या दिव्याच्या तळाशी चमचाभर पाणी डुचमळत असेल, तर ते पाच ग्रॅम झालं. हवेतून एका रात्रीत सुटणाऱ्या पाण्याच्या जवळजवळ दीडशेपट. आणि आदल्या रात्रीचं पाणी दुसऱ्या दिवशीच्या उन्हात पुन्हा वाफ होऊन बाहेर जातच असतं. त्यामुळे चमचाभर पाणी हवेतून जमलं, हे स्पष्टीकरण कोणी दिलं तर ते मान्य करण्याचं कारण नाही. ते पाणी द्रवरूपातच आत शिरलेलं आहे, आणि त्याला शिरायला वाट आहे.

नव्या गाडीलाच हे धुकं अधिक का? बाष्प फक्त हवेत नसतं, प्लॅस्टिकमध्येही असतं. पॉलिकार्बोनेट साध्या हवेत ठेवलं तरी आपल्या वजनाच्या साधारण ०.१५ टक्के पाणी शोषून घेतं, दमट हवेत त्याहून जास्त. काच अर्धा किलोची धरली तर पाऊण ग्रॅम, म्हणजे आतल्या हवेत असलेल्या बाष्पाच्या सहापट. नवी गाडी कारखान्यातून निघते, स्टॉकयार्डात उघड्यावर उभी राहते, कधी ट्रेलरवरून दोन-तीन राज्यं पार करते. या सगळ्या काळात तिचे दिवे जवळजवळ लागतच नाहीत, आणि हा काळ पावसाळ्याचा असेल तर प्लॅस्टिक ओलावा भरून घेतं. मग गाडी तुमच्या हाती येते, दिवे रोज लागू लागतात, आतले भाग तापतात आणि साठवलेला ओलावा आतल्या हवेत सोडू लागतात. समोरची काच वाऱ्याने गार, मागचं खोकं इंजिनाच्या आणि बल्बच्या उष्णतेने गरम. ओलावा मागून निघतो आणि पुढे जाऊन बसतो. नियमित वापराने आणि कोरड्या हवेने हा साठा हळूहळू उतरतो.

आपल्या घाटांचाही यात हात आहे. कोकणातल्या पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला चढणारी गाडी जवळजवळ समुद्रसपाटीवरून १,३७२ मीटरवर जाते. वर हवेचा दाब खालच्यापेक्षा साधारण १५ टक्क्यांनी कमी. चढताना दिव्यातली हवा व्हेंटमधून बाहेर पडते. उतरताना उलटं होतं: वरून आलेल्या गार दिव्यात कोकणची उबदार, दमट हवा भरत जाते. महाबळेश्वरात गारठलेली काच खाली येईपर्यंत गारच असेल तर धुकं धरायला दुसरं काही लागत नाही. आंबोली, कुंभार्ली, वरंधा, सगळीकडे हेच. तळाशी पोहोचल्यावर दिव्यात धुकं दिसलं तर घाबरू नये. अर्ध्या तासात काच उबदार होते आणि ते जातं.

एलईडी दिवे आल्यापासून मात्र 'अर्ध्या तासात जातं' हे तितक्या खात्रीने सांगता येत नाही. हॅलोजन बल्बच्या प्रकाशाबरोबर भरपूर अवरक्त किरणं पुढे फेकली जातात आणि ती काचेला तापवतात. दिवा लावला की धुकं वितळायचं ते यामुळे. एलईडीच्या प्रकाशात अवरक्त किरणं जवळजवळ नसतात. एलईडीही तापतो, पण त्याची उष्णता मागच्या ॲल्युमिनियमच्या हीट सिंकमध्ये जाते. काच गार ती गारच राहते. थंड देशांत एलईडी हेडलाइटवर साचलेला बर्फ वितळत नाही, त्याचंही कारण हेच. काही दिव्यांत छोटा पंखा बसवून मागची गरम हवा काचेवर फिरवतात, आणि ती चांगली योजना आहे. पण सगळ्या गाड्यांना ती नसते, म्हणून एलईडीच्या दिव्यात पातळ धुकं तासभर किंवा त्याहून जास्त टिकलं तरी तेवढ्यावरून तो दिवा गळका ठरत नाही. हॅलोजनच्या काळातला नियम त्याला जसाच्या तसा लावू नये.

व्हेंटवरचा तो पांढरा पडदा कशाचा असतो, हेही सांगायला हवं. १९३८ मध्ये ड्यूपॉन्ट कंपनीतल्या रॉय प्लंकेट यांना अपघाताने एक पांढरी, निसरडी पूड सापडली. पुढे तिला टेफ्लॉन हे नाव मिळालं. १९६९ मध्ये अमेरिकेतच बॉब गोर यांनी या पदार्थाची तापवलेली कांडी हळूहळू ताणण्याऐवजी एका झटक्यात ओढली. ती तुटली नाही, कित्येक पट लांबली आणि तिच्यात अतिसूक्ष्म छिद्रांचं जाळं तयार झालं. ही छिद्रं मायक्रॉनहूनही लहान. पाण्याचे रेणू सुटेसुटे, म्हणजे बाष्प म्हणून, त्यांतून सहज जातात. पण हा पदार्थ पाण्याला चिकटू देत नाही, त्यामुळे पृष्ठताणाने बांधलेला थेंब त्यात शिरू शकत नाही. रेनकोटसाठी प्रसिद्ध झालेला हाच पडदा आज हेडलाइटच्या मागे असतो. त्याची मर्यादा एकच, त्याची चाल धिमी आहे. काही चौरस सेंटिमीटरच्या पडद्यातून पाच लिटर जागेतलं बाष्प बाहेर पडायला वेळ लागतो, आणि बाहेरची हवाच ओली असेल तर ते बाहेर जाणारच नाही. पावसाळ्यात धुकं आठवडाभर येत-जात राहतं ते याचमुळे. उघडी नळी जास्त हवा खेळवते, पण धूळही आत घेते. कुठल्या गाडीला काय द्यायचं, यात प्रत्येक कंपनीचा निर्णय वेगळा असतो.

मग दोष कधी मानायचा? पाण्याचं प्रमाण आणि टिकण्याचा काळ, या दोनच गोष्टी पाहायच्या. पातळ, सारखं पसरलेलं, ओघळ नसलेलं धुकं कोरड्या हवेत, गाडी चालवून आणि दिवे लावून, त्याच दिवशी किंवा फार तर दोन-तीन दिवसांत गेलं, तर दिवा ठीक आहे. मोठे थेंब, ओघळ, तळाशी साचलेलं पाणी, मातकट रेषा, किंवा उन्हाचे चार-पाच दिवस होऊनही न हटणारं धुकं, यांतलं काहीही दिसलं तर दिवा गळतोय. ते चालवून घेण्यासारखं नाही. परावर्तकावरचा ॲल्युमिनियमचा थर मायक्रॉनच्याही अंशाएवढा पातळ असतो; पाण्याने तो डागाळला की पुन्हा उजळता येत नाही. सॉकेटच्या पिनांवर हिरवा थर चढतो. एलईडी दिव्यात तर इलेक्ट्रॉनिक्स आतच बसवलेलं असतं, आणि ते गेलं की बल्ब बदलून भागत नाही, अख्खी असेंब्ली घ्यावी लागते. शिवाय थेंबांनी भरलेल्या काचेतून लो बीमची वरची रेषा फिस्कटते. आपल्याला रस्ता कमी दिसतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जास्त प्रकाश जातो. मुंबई-गोवा महामार्गावर पावसातल्या रात्री हे दोन्ही एकदम घडणं जिवावर बेतू शकतं.

गळतीची वाट बहुतेक वेळा साधी असते. सर्वांत आधी डस्ट कॅप पाहावी. बल्ब बदलताना ती नीट बसली नाही, किंवा बाजारातला जाडजूड एलईडी बल्ब बसवण्यासाठी तिला भोक पाडलं, तर तिथून चाकाने उडवलेलं पाणी थेट आत जातं. व्हेंटची नळी निखळलेली किंवा चिखलाने बुजलेली असू शकते. बंपर काढून बसवताना, किंवा पार्किंगमधल्या हलक्याशा धक्क्याने, खोक्याच्या कानाशी केसाएवढी चीर जाते आणि बाहेरून काही दिसत नाही. वॉशिंग सेंटरवर उच्च दाबाचा फवारा अगदी जवळून सांध्यांवर किंवा बोनेट उघडून दिव्याच्या मागे मारला तर तोही आत शिरतो. उन्हात तापलेल्या गाडीवर गार पाणी ओतलं की तशीच ओढ सुरू होते, म्हणून गाडी आधी सावलीत निवू द्यावी. काच चकचकीत करायला कोणी पेट्रोल किंवा थिनर लावत असेल तर हात धरून थांबवावं. पॉलिकार्बोनेटला त्याने बारीक तडे जातात. मागच्या दिव्यांची गोष्ट थोडी निराळी. तिथे दिवा आणि पत्रा यांच्यामधलं गॅस्केट सैल झालं तर पाणी डिकीत उतरतं, तेव्हा स्टेपनीची जागा हात घालून पाहावी. फॉग लॅम्प खाली असल्याने चिखलपाणी त्यांनाच आधी गाठतं.

उपाय म्हणून जे सांगितलं जातं त्यातलं बरंच नुकसान करणारं आहे. दिव्याला खालून भोक पाडलं तर पाणी निघतं, पण धूळ आणि पुढचं पाणी येण्याचा रस्ता कायमचा खुला होतो, आणि वॉरंटीही जाते. हीट गनने सांध्याचा सीलंट मऊ होऊन सुटू शकतो. सिलिका जेलची पुडी वजनाच्या तिसऱ्या हिश्शाएवढं पाणी घेते, मग भरते, आणि दिवा तापला की तेच पाणी परत सोडते. सगळ्यांत वाईट म्हणजे दिव्याभोवती, व्हेंटसकट, सिलिकॉन फासून सगळं बुजवून टाकणं. आतला ओलावा आतच कोंडतो, आणि दर रात्री दाबाची ओढ सर्वांत कमकुवत सांध्यावर पडू लागते. धुकं असेल तर लो बीम लावून गाडी तासभर चालवावी. किंवा उन्हात, बोनेट उघडं ठेवून, डस्ट कॅप काढून दुपारभर उभी करावी आणि कॅप पुन्हा घट्ट बसवावी. एवढं पुरतं.

नुसत्या धुक्यासाठी दिवा बदलून मागण्यात अर्थ नाही. नवा दिवाही पुढच्या गार पहाटे तसाच धुकट होईल, कारण त्यालाही व्हेंट आहे. पण पाणी साचत असेल तर 'नॉर्मल आहे' या शब्दावर परत येऊ नका. गाडी ताब्यात घेतानाच दोन्ही हेडलाइट, मागचे दिवे आणि फॉग लॅम्प उजेडात नीट पाहा. नंतर धुकं दिसलं तर सकाळी एक फोटो काढा, दिवे लावून तासभर गाडी चालवल्यावर दुसरा, आणि दोन-तीन उन्हाच्या दिवसांनंतर तिसरा. ओघळ किंवा साचलेलं पाणी असेल तर वॉरंटीच्या मुदतीतच गाडी सर्व्हिस सेंटरला न्या. जॉब कार्डवर 'फॉगिंग' एवढंच लिहू देऊ नका. 'दिव्यात पाणी साचते, तीन दिवसांनंतरही जात नाही' असं स्पष्ट लिहायला सांगा, तारखेचे फोटो जोडा आणि त्याची प्रत घेऊनच बाहेर पडा.